कर्ज, सचोटी आणि चारित्र्य पडताळणी



स्मरणिकेत धम्म, इतिहास आणि चळवळ यांवरील लेख दरवर्षी येतात आणि ते यायलाच हवेत. यंदा नोकरीच्या संबंधाने एक लेख असावा असे ठरले व ते काम आमच्याकडे आले. स्पर्धा परीक्षेची तयारी कशी करावी यावर लिहिणारे आमच्याहून अधिकारी लोक पुष्कळ आहेत. परंतु परीक्षा पास झाल्यावर, यादीत नाव लागल्यावर, पेढे वाटून झाल्यावर जो एक कागद हातात पडतो, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. हाती आलेली नोकरी या कागदावरून जाऊ शकते, आणि ती बहुधा गुणांच्या कमतरतेमुळे जात नाही. म्हणून त्या कागदावर आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोन गोष्टींवर, म्हणजे माणसाचे कर्ज आणि माणसाचा खरेपणा यांवर, आम्ही लिहिणार आहोत.

दिव्याहून सकाळची लोकल पकडणारी आपली मुले कोठे कोठे जातात ते पाहावे. कोणी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत, कोणी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, कोणी मुंबईच्या नौदल गोदीत, कोणी विमानतळावर कंत्राटदाराकडे, कोणी रेल्वेत, कोणी पोलिसांत. खासगी सुरक्षारक्षक म्हणून काम करणारेही अनेक आहेत आणि २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे त्यांचेही चारित्र्य तपासून घेणे एजन्सीवर बंधनकारक आहे. ज्या समाजाला एके काळी सैन्यभरतीचे दार बंद झाले होते आणि ज्याच्या नावाची महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, त्या समाजाला 'भरवशाचा माणूस' या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. जागा जितकी नाजूक, तितकी पडताळणी खोल जाते. शिपायाची जागा असली तरी ती गोदीच्या दाराआत असेल तर पडताळणी होतेच.

चौकशी करून माणूस आत घ्यावा ही कल्पना इंग्रजांनी आणली असे पुष्कळांना वाटते. विनयपिटकातील महावग्ग वाचला तर निराळेच दिसते. मगध देशात एक कर्जदार सावकारांना चुकवून पळाला आणि भिक्षू झाला. सावकारांनी त्याला ओळखले, पण राजा बिंबिसाराच्या आज्ञेमुळे प्रव्रजितांना हात लावता येत नव्हता. लोक कुरकुरू लागले, की हे श्रमण कर्जबुडव्यांना आसरा देतात. तथागतांच्या कानी हे गेले तेव्हा त्यांनी नियम घालून दिला की कर्जदाराला प्रव्रज्या देऊ नये. पुढे उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला संघासमोर जे प्रश्न विचारले जातात, त्यांत हा प्रश्न कायमचा आला. तुला अमुक रोग आहेत काय, तू स्वतंत्र आहेस काय, तू ऋणमुक्त आहेस काय, तू राजाचा सैनिक नाहीस ना, आईबापांची परवानगी आहे काय, असे हे प्रश्न आहेत. त्याआधी त्याला बजावून सांगतात की ही खरे बोलण्याची वेळ आहे, जे असेल ते असे म्हण, जे नसेल ते नाही म्हण. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा साक्षांकन नमुनाच म्हणा ना! इतकेच नव्हे, तर नवखा उमेदवार संघासमोर गोंधळतो म्हणून त्याला बाजूला नेऊन हे प्रश्न आधी समजावून सांगण्याची सोयही तेथे आहे. आजच्या कचेरीत ती नसते.

आता आपल्या नमुन्याकडे वळू. केंद्र सरकारच्या नोकरीतील नमुन्यात नाव, जन्म, आईवडील आणि शिक्षण यांखेरीज गेल्या पाच वर्षांत एक वर्षाहून अधिक काळ जेथे जेथे राहिलो ते सगळे पत्ते मागतात. मग मुख्य रकाना येतो. कधी अटक झाली होती काय, खटला झाला काय, स्थानबद्ध केले होते काय, चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतले होते काय, दंड वा शिक्षा झाली काय, एखाद्या लोकसेवा आयोगाने वा विद्यापीठाने परीक्षेला बसण्यास बंदी केली होती काय, आणि हा नमुना भरताना एखादा खटला चालू आहे काय? डोक्यावर इशारा छापलेला असतो, की खोटी माहिती देणे किंवा खरी माहिती दडविणे ही अपात्रता ठरेल आणि नोकरीत असताना केव्हाही हे उघडकीस आले तरी सेवा संपुष्टात येऊ शकेल. हा इशारा वाचण्याची तसदी कोणी घेत नाही, कारण तो बारीक अक्षरांत असतो आणि मुलगा आनंदात असतो.

या नमुन्यात कर्जाचा रकाना नाही हे वाचकांच्या लक्षात आले असेल. मग लेखाच्या नावात कर्ज कशाला? कारण कर्ज पुढच्या दाराने येत नसले तरी बाजूच्या दाराने येते आणि ते दार आम्ही बँकेच्या खिडकीमागून रोज उघडताना पाहतो.

पहिले दार चेकचे. परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ हे १९८९ पासून लागू आहे. त्याआधी चेक परत जाणे हा प्राय: देण्याघेण्याचा दिवाणी वाद असे. आता तो फौजदारी गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत सावकार किंवा संस्था नोटीस देते, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर प्रकरण तेथेच संपते, न भरल्यास त्यापुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार होते. ही पंधरा दिवसांची मुदत लाखमोलाची आहे आणि नेमकी तीच वाया जाते, कारण नोटीस जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेलेली असते. खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची जी सोय आहे तिलाही २००७ च्या कायद्याने असाच गुन्हा लावला आहे. म्हणजे मोबाइल हप्त्याने घेणाऱ्या मुलाने तीन हप्ते चुकविले, कंपनीने तक्रार केली आणि न्यायालयाचे समन्स निघाले, तर 'खटला चालू आहे काय' या रकान्यात त्याला 'होय' लिहावे लागते. त्याच्या मनात मात्र ते 'मोबाइलचे लफडे' असते. खटला म्हणजे मारामारी, चोरी, असेच त्याला वाटत असते. तो 'नाही' लिहितो. कर्जाचे खोट्यात रूपांतर होते ते येथे.

दुसरे दार जामीनकीचे. आपल्याकडे पतपेढीच्या कर्जाला दोन जामीन लागतात आणि गाववाल्याने, मेव्हण्याने, मंडळातल्या सहकाऱ्याने म्हटले की आपण सही करतो. नाही म्हणणे वाईट दिसते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, अर्धी किंवा नंतरची नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की तो दोघांवरही निघतो आणि पगारदार जामीनदार सापडायला सोपा, म्हणून वसुली अधिकारी आधी त्याच्याकडेच जातो. ज्याने एक पैसा वापरला नाही त्याच्या पगाराला कात्री लागते आणि त्याच्या पत-अहवालात थकबाकी दिसते. आमचे मत असे आहे की ज्याच्या हप्त्याचा भार आपण स्वत: सहा महिने उचलू शकणार नाही, त्याच्या कर्जाला जामीन राहू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. या मतावर आमच्या घरातच एकमत नाही!

तिसरे दार वर्तणूक नियमांचे. हे नोकरी लागल्यानंतर लागू होतात म्हणून नव्या मुलांना ते ठाऊक नसतात आणि जुन्यांनी कधी वाचलेले नसतात. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नियम १७ सांगतो की सरकारी नोकराने आपले खासगी व्यवहार असे ठेवावेत की सवयीचा कर्जबाजारीपणा आणि दिवाळखोरी टळेल. कर्जवसुलीसाठी त्याच्यावर न्यायालयीन कारवाई सुरू झाली तर ती संपूर्ण हकीकत त्याने ताबडतोब सरकारला कळविली पाहिजे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतही अशीच तरतूद आहे. बँकेतील कारकुनांच्या द्विपक्षीय करारात प्रमाणाबाहेर कर्ज करून ठेवणे हे किरकोळ गैरवर्तनात धरले आहे. 'कळविली पाहिजे' हा शब्द महत्त्वाचा. कर्ज असणे हा अपराध नाही, कर्जाचा खटला लपविणे हा आहे.

या नियम १७ खाली एक टीप आहे, तिच्याकडे आम्ही वाचकांचे खास लक्ष वेधतो. कर्जबाजारीपणा हा नेहमीच्या दक्षतेने आधी दिसू न शकणाऱ्या किंवा हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे आला, उधळपट्टीच्या किंवा व्यसनी सवयींमुळे नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या नोकरावर आहे. याचा अर्थ काय? कायदा सगळे कर्ज एका तागडीत तोलत नाही. आईच्या डायलिसिससाठी काढलेले कर्ज आणि बारमध्ये उडविलेले कर्ज यांत फरक करायला तो तयार आहे, पण तो फरक दाखविणारी रुग्णालयाची बिले, डिस्चार्ज कार्ड, गिरणी बंद झाल्याचे पत्र, हे तुमच्याकडे असायला हवेत. आपल्याकडे कागद जपण्याची सवय नाही. लग्नपत्रिका जपतात, औषधांची बिले टाकून देतात.

नियम १६ ही तितकाच लागू आहे. ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो अशा माणसाकडून उसने घेणे, किंवा कोणालाही व्याजाने पैसे देणे, यावर बंदी आहे. नातेवाइकाला किंवा खासगी मित्राला बिनव्याजी, थोडे, तात्पुरते दिले तर चालते. आता भिशीत बोली लावून जे पैसे उचलले जातात, आणि वस्तीत सरकारी नोकरच शेकडा पाचने पैसे फिरवितात, त्यांनी हा नियम शांतपणे वाचावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घेणाऱ्याचाही हिशेब पाहू. पन्नास हजार रुपये, महिना शेकडा पाच, म्हणजे दरमहा अडीच हजार निव्वळ व्याज. वीस महिन्यांत पन्नास हजार देऊन झाले आणि मुद्दल जागच्या जागी. तेवढीच रक्कम बँकेकडून सालीना बारा टक्क्यांनी घेतली तर वर्षाचे व्याज सहा हजाराच्या आत राहते. तरी माणसे सावकाराकडे जातात, कारण सावकार कागद मागत नाही आणि रात्री दहालाही पैसे देतो. बँकवाल्यांनीही याचा विचार करायला हवा. याच कायद्याने मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई केली आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते, हे मात्र लक्षात ठेवावे.

सरकारला नोकराच्या खिशाची इतकी काळजी का? दिल्लीत जानेवारी १९८५ मध्ये पंतप्रधानांच्या सचिवालयातील आणि इतर कचेऱ्यांतील काही कर्मचाऱ्यांना गुप्त कागद एका व्यापारी मध्यस्थाला विकल्याबद्दल पकडले गेले. हे लोक कोणी मोठे शास्त्रज्ञ किंवा सचिव नव्हते, टंकलेखन आणि फायली सांभाळणारी मंडळी होती. खटला रेंगाळत २००२ साली शिक्षा झाल्या. अमेरिकेत गुप्तहेर खात्यातील आल्ड्रिच एम्स याने १९८५ साली रशियनांना माहिती विकण्यास सुरुवात केली, तेव्हा घटस्फोट आणि देणी यांनी तो बेजार होता. १९९४ मध्ये त्याला अटक झाली तोवर अनेकांचे प्राण गेले होते. अमेरिकेत आता यासाठी लेखी मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि तेथील अर्जात थकीत कर्जांबद्दल सरळ प्रश्न विचारतात. त्यांतील एक गोष्ट आम्हाला लक्षणीय वाटली. नोकरी गेली, आजार आला, घटस्फोट झाला, अशा हाताबाहेरच्या कारणाने कर्ज झाले असेल, आणि माणसाने जबाबदारीने वागून फेड चालू केली असेल, तर ते त्याच्या बाजूने धरतात. आपल्या नियम १७ ची टीपही हेच म्हणते. दोन देश, दोन भाषा, पण प्रश्न एकच, की अडचणीत हा माणूस कसा वागतो.

बाबासाहेबांनीही कर्ज काढले होते. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा स्वत:ची बचत, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये एवढी त्यांची पुंजी होती. त्या प्रवासातून 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध आला. कर्ज काढले म्हणजे माणूस वाया गेला असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कोकणातल्या आपल्या आज्या-पणज्यांची कर्जे तर त्यांच्या इच्छेची नव्हतीच. ती खोताच्या वहीत वाढत होती आणि म्हणूनच बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. दिव्यात मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्ज काढून जुगाराच्या ॲपवर घालणारा तरुण या मालिकेत बसत नाही. पैसे लावून खेळण्याच्या या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. सिगाल सुत्तात गृहस्थाच्या संपत्तीला गळती लावणारी जी सहा छिद्रे सांगितली आहेत त्यांत जुगार आधीपासूनच आहे.

बँकेच्या नोकरीबद्दल दोन शब्द, कारण येथे पत-अहवाल थेट पाहतात. सरकारी बँकांच्या सामायिक भरतीच्या जाहिरातीत २०२३ पासून निरोगी पत-इतिहासाची अट आली. पुढे तिचा काटा थोडा सैल झाला. त्या त्या वर्षाची जाहिरात मुळातून वाचणे हाच उपाय. स्टेट बँकेच्या अधिकारी पदाच्या जाहिरातीत कर्ज वा क्रेडिट कार्ड थकविल्याची नोंद असणारा उमेदवार अपात्र, अशी अट होती. एका उमेदवाराची नेमणूक त्यावरून रद्द झाली. त्याचे म्हणणे, की जाहिरातीच्या दिवशी माझ्यावर काही देणे नव्हते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बँकेचा निर्णय कायम केला. अट फक्त देणे फेडलेले असण्याची नाही, थकविल्याची नोंद नसण्याची आहे, आणि लोकांचा पैसा हाताळणाऱ्याकडून आर्थिक शिस्तीची अपेक्षा गैर नाही, असा त्याचा आशय. आम्हाला हा निकाल कडक वाटतो. गरिबाच्या मुलाचे शैक्षणिक कर्ज नोकरी नसल्याने थकते आणि थकल्याने नोकरी मिळत नाही, हा फेरा त्यातून सुटत नाही. पण निकाल आहे तो आहे आणि त्याप्रमाणे सावध राहिले पाहिजे. पत-माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. अर्ज करण्याआधी तो काढावा. त्यात चूक असेल तर तक्रार करावी, तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि तडजोडीने, म्हणजे कमी रकमेत, कर्ज मिटविले तर अहवालात ते 'सेटल्ड' असे दिसते, 'क्लोज्ड' असे नाही. वसुली एजंट हे सांगत नाही. शक्य असेल तर पूर्ण भरून 'देणे बाकी नाही' असा दाखला घ्यावा.

आता खरेपणाकडे येऊ, कारण आमच्या मते या विषयाचा गाभा तेथे आहे. साक्षांकन नमुन्यात माहिती दडविल्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाचे वेगवेगळे निकाल येत होते. २०११ साली दिल्ली पोलिसांच्या भरतीतील एका उमेदवाराला न्यायालयाने तरुणपणीची चूक म्हणून सांभाळून घेतले, इतर प्रकरणांत तसे झाले नाही. अखेर २१ जुलै २०१६ रोजी 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सगळे एकत्र करून दिशा ठरवून दिली. माहिती खरी असलीच पाहिजे हा पाया. पण दडविलेली गोष्ट क्षुल्लक असेल, जसे लहान वयात घोषणा दिल्याचा गुन्हा, तर नोकरी देणाऱ्याने ती माफ करण्याचा विचार करावा. गंभीर असेल तर नेमणूक रद्द होऊ शकते. खरे सांगितले तरी नोकरी द्यायलाच पाहिजे असे बंधन सरकारवर नाही, पण क्षुल्लक चालू खटला खरेपणाने सांगितला असेल तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. एकाहून अधिक खटले जाणूनबुजून लपविले तर ते भारी पडते. कायम झालेल्या नोकराला लपवाछपवीवरून काढायचे तर खातेनिहाय चौकशी हवी. आणि जे नमुन्यात स्पष्ट विचारलेलेच नाही ते सांगितले नाही म्हणून दोष देता येत नाही. २०२२ साली रेल्वे सुरक्षा दलातील एका जवानाच्या प्रकरणातही न्यायालयाने सांगितले की केवळ माहिती दडविली एवढ्यावरून विचार न करता काढून टाकणे बरोबर नव्हे.

या निकालातील घोषणांचा उल्लेख आपल्या समाजाने दोनदा वाचावा. नामांतराच्या लढ्यात, १९९७ साली रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर, ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये आपल्या किती मुलांवर गुन्हे नोंदले गेले! ही मुले आणि त्यांचे आईवडील दोन गोष्टी धरून चालतात. एक, हा काही गुन्हा नव्हे, हे आंदोलन होते, त्यामुळे नमुन्यात लिहायचे कारण नाही. दोन, सरकारने गुन्हे मागे घेतल्याची घोषणा केली आहे, म्हणजे ते संपले. दोन्ही समजुती घातक आहेत. आंदोलनाचा अभिमान बाळगावा, पण रकाना अटकेबद्दल विचारतो, अटकेच्या कारणाबद्दल नव्हे. आणि खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाला न्यायालयाची संमती घ्यावी लागते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली. वर्तमानपत्रातील बातमी म्हणजे तो आदेश नव्हे. आदेशाची प्रमाणित प्रत हाती येईपर्यंत 'खटला चालू' असेच लिहावे आणि सोबत आंदोलनाची हकीकत चार ओळींत जोडावी.

चॅप्टर केसचेही तसेच. सणावाराच्या किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तात पोलीस मुलांना बोलावून प्रतिबंधक कारवाई करतात, बंधपत्रावर सही घेतात आणि सोडून देतात. पूर्वीचे कलम १०७, आताचे १२६. मुलगा घरीदेखील सांगत नाही. दोन वर्षांनी नमुन्यातील 'बंधपत्र घेतले होते काय' हा प्रश्न त्याला कळतच नाही. ठाण्यातील नोंदवहीला मात्र तो कळतो.

पत्त्याची गोष्ट खास दिव्याची आहे. दर अकरा महिन्यांनी खोली बदलायची, करारनामा नोंदवायचा नाही, आधार कार्डावर गावचा पत्ता, शिधापत्रिकेवर सासऱ्याचा, वीजबिल चाळमालकाच्या नावे. पडताळणीला आलेला पोलीस चाळीत विचारतो, 'असा कोणी येथे राहतो काय?' आणि चार माणसे ओळखत नाहीत म्हणतात. त्यात चाळ बेकायदा असेल तर मालकच म्हणतो, मला माहीत नाही. कित्येक मुले हा त्रास नको म्हणून फक्त रत्नागिरीचा नाहीतर महाडचा पत्ता देतात. तेथे चौकशी गेली की गाववाले प्रामाणिकपणे सांगतात, तो तर दहा वर्षांपासून मुंबईला आहे. झाले, माहिती दडविल्याचा संशय! खोली कच्ची असली तरी पत्ता खरा द्यावा. कच्च्या खोलीत राहणे हा अपराध नमुन्यात कोठेही लिहिलेला नाही.

नमुन्यात ओळख देणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावेही मागतात आणि आपली मुले बहुधा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचीच देतात. पदाधिकाऱ्यांनी ती जबाबदारी आनंदाने घ्यावी, पण पोलिसांनी विचारले तर जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगावे. 'पोरगा आपला आहे, सांभाळून घ्या' हे वाक्य त्या पोराचे नुकसान करते.

अंगुत्तर निकायात ऋणावरचे एक सुत्त आहे. गरिबीतून कर्ज, कर्जावर व्याज, व्याज थकले की तगादा, तगाद्याला चुकविले की पाठलाग आणि शेवटी बंधन, अशी एकामागून एक दु:खे तथागतांनी त्यात मोजून दाखविली आहेत. वाचताना आमच्या खिडकीसमोरची रांग डोळ्यांपुढे येते. पुढे ते म्हणतात ते अधिक सूक्ष्म आहे. काया, वाचा, मनाने केलेले दुराचरण हे कर्ज होय, आणि ते कोणाला कळू नये म्हणून माणूस जी जी खटपट करतो ते त्या कर्जाचे व्याज होय. चूक एकदाच होते, तिचे लपविणे मात्र रोज चालू राहते, आणि वाढते ते हेच. अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली त्यांत संपत्ती असण्याचे, ती भोगण्याचे, कोणाचे देणे नसण्याचे आणि निर्दोष असण्याचे अशी ती येतात. पहिली तिन्ही चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत असे तेथे म्हटले आहे. ज्याच्यावर देणे आहे त्यालाही चौथे सुख मिळू शकते, असा याचा अर्थ आम्ही लावतो. विद्वानांनी तो तपासून पाहावा.

ज्यांच्यावर आज कर्ज आहे आणि घरात कोणाची भरती होऊ घातली आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराचे थोडे सांगून थांबतो. देणेकऱ्यांना टाळू नये, लेखी मुदत मागावी, कारण मागितलेल्या मुदतीचे पत्र हाच पुढे प्रामाणिक प्रयत्नाचा पुरावा होतो. ज्या कर्जात चेक दिले आहेत ते आधी फेडावे, मोठे असो की लहान. न्यायालयाच्या हुकुमाने पगार जप्त झालाच तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे, पोटगीचे हुकूम वगळता, पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात, तेव्हा 'सगळा पगार नेतील' या धमकीला भिऊन नवे कर्ज काढू नये. नमुना भरताना शेजारी जाणता माणूस बसवावा आणि प्रत्येक प्रश्न मराठीत समजून घ्यावा. भरलेल्या नमुन्याची छायाप्रत काढून ठेवावी, कारण नमुना दिल्यानंतर अटक झाली किंवा समन्स आले तर तेही ताबडतोब कळवावे लागते, न कळविल्यास ते दडविले असे धरतात. तसे पत्र दोन प्रतींत न्यावे, एक कचेरीत द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती घरी आणावी.